बोर्ड, टेबल की टाइमलाइन? प्रोजेक्ट सॉफ्टवेअरमध्ये आपला व्ह्यू कसा ठरवायचा

नवं प्रोजेक्ट सॉफ्टवेअर आलं की ऑफिसात पहिला वाद पडद्यावर काय दिसावं यावरून होतो. परचेसवाल्यांना एक्सेलसारखं टेबल हवं असतं. डिझाइनच्या पोरांना रंगीत कार्डांचा बोर्ड आवडतो. शेठना गँट चार्ट, म्हणजे कामांच्या तारखा आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता, केबिनच्या भिंतीवर लावायचा असतो. आणि शॉप फ्लोअरचा सुपरवायझर म्हणतो, "मने खाली आजनुं काम बतावो", म्हणजे मला फक्त आजचं काम दाखवा. चौघांचंही बरोबर असतं. कामांची यादी एकच, पण प्रत्येकाला तिच्यातून वेगळं काही हवं असतं, म्हणून सॉफ्टवेअरवाले एकाच माहितीच्या अनेक मांडण्या देतात. त्यांनाच व्ह्यू म्हणतात.

पुढची उदाहरणं वडोद्यातल्या, मकरपुरा जीआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या छोट्या युनिटची आहेत, कारण मला ते काम जवळून माहीत आहे. इंटिरिअरची कामं घेणारे, सॉफ्टवेअरवाले, अगदी दांडिया बाजारातलं गणेशोत्सव मंडळ चालवणारेही हेच वापरू शकतील, फक्त कामांची नावं बदलावी लागतील.

माझं मत आधीच सांगतो. व्ह्यू आवडीवरून निवडू नये. तो पाहून तुम्ही काय ठरवणार आहात, यावरून निवडावा. ज्या व्ह्यूकडे बघून कोणी काहीच ठरवत नाही, तो कितीही देखणा असला तरी काढून टाकावा.

पहिली पायरी: सॉफ्टवेअर बंद ठेवा आणि प्रश्न लिहा

एक कागद घ्या. कोण, केव्हा, काय विचारतं ते लिहा, तेही ती माणसं विचारतात त्याच शब्दांत. आमच्यासारख्या युनिटमध्ये ही यादी साधारण अशी निघते:

सुपरवायझर, सकाळी: आज कोणत्या पॅनेलचं वायरिंग घ्यायचं?
परचेस, दिवसातून दोनचारदा: कोणत्या पीओचा (खरेदी ऑर्डरचा) माल अजून आलेला नाही, आणि त्यातला कोणता काम अडवून बसलाय?
डिझाइन: कोणती जीए ड्रॉइंग (पॅनेलच्या एकूण मांडणीची) पार्टीकडे, म्हणजे ग्राहकाकडे, अप्रूव्हलला अडकली आहेत?
शेठ, सोमवारी: कोणती ऑर्डर उशिरा जाणार, आणि एलडी (उशिराचा दंड) लागणार का?
अकाउंट्स, महिनाअखेरीस: डिस्पॅच झालं पण बिल झालं नाही, असं काय आहे?

पाच माणसं, पाच प्रश्न. यातले दोन तारखांचे आहेत, एक रांगेचा आहे, दोन निव्वळ चाळणीचे आहेत. इतकं कळलं की निम्मं काम झालं. "सगळ्यांना सगळं दिसलं पाहिजे" असं कोणी म्हटलं, तर त्याला विचारा की सगळं दिसल्यावर तू काय करणार. उत्तर आलं नाही तर तो प्रश्न यादीत घेऊ नका.

दुसरी पायरी: व्ह्यूला लागणारे रकाने भरलेत का पाहा

बहुतेक लोक ही पायरी टाळतात आणि मग सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. प्रत्येक व्ह्यू कुठल्या तरी रकान्यावर उभा असतो. बोर्डाला स्टेटस लागतं, आणि तेही ठरावीक पर्यायांतून निवडायचं. हाताने टाइप केलेलं चालत नाही. एकाने "टेस्टिंग", दुसऱ्याने "टेस्टींग" आणि तिसऱ्याने "चेकिंग चालू" लिहिलं तर बोर्डावर तीन वेगळे कप्पे होतात. कॅलेंडरला निदान एक तारीख लागते. टाइमलाइनला सुरुवात आणि शेवट अशा दोन लागतात. वर्कलोडला, म्हणजे कोणावर किती काम आहे ते दाखवणाऱ्या व्ह्यूला, काम कोणाकडे आहे ते लागतं आणि किती तासांचं आहे तेही लागतं. तास भरलेले नसतील तर अर्ध्या तासाचं लेबल लावणं आणि तीन दिवसांचं बसबारचं (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचं) काम वर्कलोडमध्ये सारखंच दिसतं.

ज्या कामाला तारीखच नाही ते कॅलेंडरवर दिसत नाही. काही सॉफ्टवेअर अशी कामं बाजूच्या कप्प्यात दाखवतात, काही दाखवतही नाहीत. म्हणून कॅलेंडर रिकामं दिसलं तर काम नाही असं समजू नका. आधी टेबल उघडा, तारखेच्या रकान्यावर "रिकामं आहे" असा फिल्टर लावा आणि किती ओळी येतात ते पाहा.

एक्सेलमधून माहिती आणत असाल तर दोन गोष्टी सांभाळा. पहिली, फाइल "सीएसव्ही यूटीएफ-8" म्हणून सेव्ह करा. साध्या सीएसव्हीत देवनागरी आणि गुजराती अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. दुसरी, तारखा. आपण 05/08 म्हणजे 5 ऑगस्ट वाचतो, अमेरिकन सेटिंग त्याला 8 मे समजतं. 12 पर्यंतच्या दिवसांना ही चूक बिनबोभाट पचते, कारण तारीख वैध असते, फक्त महिना चुकलेला असतो. आयात करण्याआधी 2026-08-05 असं वर्ष-महिना-दिवस स्वरूप करून टाका.

स्टेटसची भाषाही आत्ताच ठरवा. वडोद्यात एका छताखाली मराठी, गुजराती आणि हिंदी बोलणारे असतात आणि पार्टीला रिपोर्ट इंग्रजीत जातो. कटिंग, बेंडिंग, पावडर कोटिंग, वायरिंग, टेस्टिंग, डिस्पॅच हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत, तेच ठेवा. "पडताळणी प्रलंबित" वगैरे लिहू नका, कोणी वाचणार नाही.

तिसरी पायरी: प्रश्नाला व्ह्यू जोडा

टेबल आणि लिस्ट यांवर फार वेळ घालवत नाही. रकाने जास्त आणि एका वेळी अनेक ओळी बदलायच्या असतील तर टेबल. नुसती कामं टिक करत जायची असतील तर लिस्ट. परचेस आणि अकाउंट्सला टेबलच द्या. त्यांना बोर्ड शिकवायला जाऊ नका.

बोर्डावर मात्र जरा थांबायला हवं, कारण त्याचा वापर बहुतेक ठिकाणी अर्धवटच होतो. उभ्या रकान्यांतून डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या कार्डांची ही पद्धत सॉफ्टवेअरवाल्यांनी कानबानच्या नावाने लोकप्रिय केली. 2011 मध्ये आलेल्या ट्रेलो या सॉफ्टवेअरने ती घरोघरी पोचवली. मूळ कानबान मात्र जपानमधल्या टोयोटा कारखान्याचं. ताइइची ओनो यांनी तिथे बसवलेल्या पद्धतीत पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्याने माल बनवायचा नाही, असा दंडक होता. म्हणजे कार्ड सरकवणं हा त्यातला दिखाऊ भाग. खरा भाग एका टप्प्यावर किती काम साठू द्यायचं याची मर्यादा. तुमच्या बोर्डावर ती मर्यादा नसेल तर ती रंगीत यादी आहे.

मर्यादा किती ठेवायची? इथे एक साधं गणित कामी येतं. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की रांगेतली सरासरी संख्या म्हणजे दररोज बाहेर पडणारी संख्या गुणिले एकाला लागणारा सरासरी वेळ. समजा वायरिंगच्या कप्प्यात 12 पॅनेल आहेत आणि वायरमनच्या हातून दिवसाला 2 निघतात. तर आज आत आलेलं पॅनेल साधारण 6 दिवसांनी बाहेर पडेल. पार्टीला 4 दिवस सांगितले असतील तर कप्प्यात 8 पेक्षा जास्त पॅनेल नकोत. हा नियम सरासरीचा आहे आणि काम एका लयीत चालू असतानाच लागू पडतो, पण फोनवर पार्टीला तारीख देताना अंदाजापेक्षा पुष्कळ बरा. जिरा या सॉफ्टवेअरमध्ये कप्प्याला कमाल मर्यादा देता येते आणि ती ओलांडली की कप्पा लाल होतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय नसेल तर कप्प्याच्या नावातच लिहा: "वायरिंग (कमाल 8)".

बोर्डाचा दोष असा की त्याला काळ कळत नाही. एखादं कार्ड "ड्रॉइंग अप्रूव्हल"मध्ये आजच आलंय की पंधरा दिवस पडून आहे, हे नुसतं बघून समजत नाही. त्यासाठी कार्डाच्या दर्शनी भागावर दोनच गोष्टी दिसू द्या: डिस्पॅचची तारीख आणि कार्ड शेवटचं कधी हललं ती तारीख. बाकीचं आत ठेवा. कार्डावर सात रकाने दाखवले की पडद्यावर चार कार्डं मावतात आणि बोर्डाचा उपयोगच संपतो.

आता टाइमलाइन, म्हणजेच गँट. हेन्री गँट यांचे तक्ते 1910 च्या दशकात अमेरिकेत रूढ झाले. त्याआधी, 1896 मध्ये, पोलंडच्या कारोल अदामिएत्स्की या इंजिनिअरने असाच तक्ता तयार केला होता, पण त्याबद्दल त्यांनी लिहिलं ते पोलिश भाषेत आणि 1931 मध्ये, त्यामुळे नाव गँटचं झालं. तक्त्यातल्या पट्ट्या सगळ्यांना कळतात. किंमत मात्र पट्ट्यांना जोडणाऱ्या, कोणतं काम कशानंतर ते सांगणाऱ्या बाणांची आहे. ते बाण भरायचा कंटाळा असेल तर टाइमलाइन घेऊ नका, कॅलेंडरवर भागेल.

बाणांनी काय मिळतं ते एका ऑर्डरवर पाहा. ड्रॉइंग अप्रूव्हल 7 दिवस. त्यानंतर दोन वाटा फुटतात. एक, ब्रेकर आणि कॉन्टॅक्टरची खरेदी, 35 दिवस. दुसरी, शीट मेटलचं फॅब्रिकेशन 18 दिवस आणि पावडर कोटिंग 4 दिवस. दोन्ही वाटा वायरिंगला येऊन मिळतात: 12 दिवस. मग टेस्टिंग 3 दिवस. खरेदीच्या वाटेने बेरीज 57 दिवस होते, फॅब्रिकेशनच्या वाटेने 44. म्हणजे फॅब्रिकेशनला 13 दिवसांची सवड आहे. तरीही बहुतेक युनिटांत आरडाओरडा फॅब्रिकेशनवाल्यांवरच होतो, कारण ते समोर दिसतात. ब्रेकरचा सप्लायर दिसत नाही. टाइमलाइनमध्ये "क्रिटिकल पाथ" (सगळ्यात लांब वाट) चालू केला की 57 दिवसांची साखळी वेगळ्या रंगात उठून दिसते आणि कुणाच्या मागे लागायचं ते शेठना सांगावं लागत नाही. (अनुभवी मंडळी म्हणतील की थोडं वायरिंग ब्रेकर यायच्या आधीच सुरू होतं. खरं आहे. मग ते काम दोन तुकड्यांत लिहा, एकाला ब्रेकरचा बाण जोडा, दुसऱ्याला जोडू नका.)

टाइमलाइन लावताना गुजरातमधल्या माणसाने सुट्ट्यांचं कॅलेंडर आधी भरलंच पाहिजे. सॉफ्टवेअर येतं ते शनिवार-रविवार सुट्टी धरून. आपल्याकडे आठवड्याची सुट्टी वेगळी असते, उत्तरायणच्या 14 जानेवारीला जोडून दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायणही अनेक ठिकाणी पाळतात, आणि दिवाळीला बंद झालेले कारखाने पुष्कळदा लाभपाचमेलाच (कार्तिक शुद्ध पंचमीला) मुहूर्त करून उघडतात. होळीला दाहोद-पंचमहालकडचे कामगार गावी जातात ते धुळवड झाली की लगेच परत येतात असं नाही. नवरात्रात दिवसपाळी चालू असते, पण रात्री ओव्हरटाइम मागून बघा! हे सगळं न भरता काढलेली 57 दिवसांची तारीख नेमकी दिवाळीच्या बंदमध्ये जाऊन पडते, आणि ती लेखी कळवलेली असते. दिवाळी आणि होळीच्या तारखा तिथीने बदलतात, तेव्हा दरवर्षी नव्या भराव्या लागतात. मागच्या वर्षीचं कॅलेंडर कॉपी करू नका.

कॅलेंडर व्ह्यू मी फक्त त्या गोष्टींसाठी ठेवतो ज्यांची तारीख आपल्या हातात नाही: पार्टीचं इन्स्पेक्शन, मकरपुऱ्यातल्या एर्डा या विजेच्या उपकरणांच्या प्रयोगशाळेत टेस्टिंगला द्यायचा नमुना, मालाची गाडी. रोजची सगळी कामं त्यात ओतली तर प्रत्येक चौकोनात "आणखी 9" असं दिसतं आणि कोणी ते उघडत नाही.

वर्कलोड व्ह्यू पाच-सात माणसांच्या टीमला लागत नाही. कोण भरलेलं आहे ते चहाच्या वेळी समजतं. डॅशबोर्ड, म्हणजे ठळक आकड्यांचा एक पडदा, शेठना आवडतो. द्या, पण त्यावर तीनच आकडे ठेवा: उशिराच्या ऑर्डरी, बिल न झालेले डिस्पॅच, अप्रूव्हलला अडकलेली ड्रॉइंग. गोल तक्ते नकोत.

चौथी पायरी: फिल्टर, ग्रुप आणि नाव

खरा व्ह्यू इथे घडतो. एकाच टेबलाचे वेगळ्या फिल्टरने चार व्ह्यू होऊ शकतात. परचेसच्या प्रश्नासाठी: स्टेटस "माल आला" नाही, आणि कामाची सुरुवात पुढच्या 10 दिवसांत आहे, ग्रुप सप्लायरप्रमाणे, सॉर्ट सुरुवातीच्या तारखेने. असं केलं की परचेसवाला एका सप्लायरला एकदाच फोन करून त्याच्याकडचे सगळे पीओ विचारतो. ग्रुप ऑर्डरप्रमाणे केला असता तर त्याच सप्लायरला दिवसात चारदा फोन लागला असता.

फिल्टरमध्ये ठरावीक तारीख घालू नका. "15 ऑगस्टपर्यंत" असं लिहिलं की 16 तारखेला व्ह्यू शिळा होतो. "आज", "हा आठवडा", "पुढचे 10 दिवस" असे सरकते पर्याय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतात, ते घ्या. नावाच्या जागीही "मी" किंवा "माझ्याकडची" असा पर्याय मिळाला तर एकच व्ह्यू सगळ्यांना आपापली कामं दाखवतो.

व्ह्यूला नाव प्रश्नाचं द्या. "टेबल 3" आणि "नवीन व्ह्यू कॉपी" अशी नावं महिन्याभरात कोणालाच कळत नाहीत. "कोणता माल अडलाय" हे नाव कळतं.

पाचवी पायरी: डीफॉल्ट ठरवा, आणि कोणासाठी ते पाहा

उघडल्यावर पहिला पडदा कोणता दिसतो याला फार महत्त्व आहे, कारण बहुतेक माणसं तिथेच थांबतात. इथे एक भेद समजून घ्या: काही बदल फक्त तुमच्या पडद्यावर होतात, काही सगळ्यांच्या. तुम्ही पाच मिनिटांसाठी फिल्टर लावायचा आणि सुपरवायझरने "मारां पॅनेल क्यां गयां?" (माझी पॅनेल कुठे गेली?) विचारत यायचं, हे टाळता येतं.

नोशनमध्ये फिल्टर बदलला की तो आधी तुमच्यापुरता असतो; "सेव्ह फॉर एव्हरीवन" दाबलं तरच सगळ्यांना लागतो. एअरटेबलमध्ये व्ह्यू सामायिक, वैयक्तिक किंवा कुलूपबंद असा करता येतो. क्लिकअपमध्ये व्ह्यू पिन करता येतो, खासगी ठेवता येतो आणि इतरांनी बदलू नये म्हणून प्रोटेक्टही करता येतो. रेडमाइनमध्ये जतन केलेली क्वेरी, म्हणजे फिल्टर लावलेली यादी, फक्त आपल्याला, ठरावीक भूमिकांना किंवा सगळ्यांना दाखवण्याची सोय आहे. डेस्कटॉपवरच्या मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये फाइल, ऑप्शन्स, जनरल असं गेलं की डीफॉल्ट व्ह्यू निवडता येतो. मूळचा गँट असतो. कोणता व्ह्यू कोणत्या प्लॅनमध्ये मिळतो हे कंपन्या बदलत असतात. टाइमलाइन बऱ्याच ठिकाणी पैसे भरल्यावरच उघडते, म्हणून खरेदीआधी तुमच्या कागदावरची प्रश्नांची यादी घेऊन प्लॅनचं पान वाचा.

माझी मांडणी अशी: सामायिक व्ह्यू चार-पाचच, सगळे कुलूपबंद, बदलायचा अधिकार एका माणसाकडे. वैयक्तिक व्ह्यू ज्याला हवे तितके. परचेसवाले काका आपल्या पडद्यावर पिवळा रंग भरोत नाहीतर अक्षर मोठं करोत, त्यांचं ते.

सहावी पायरी: मोबाइल आणि कागद

व्ह्यू ठरवतो तो ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर, वापरला जातो शेडमध्ये सहा इंची फोनवर. गँट फोनवर वाचता येत नाही, हे मान्य करून टाका. सुपरवायझरला "आज" नावाची लिस्ट द्या, त्यात तीनच गोष्टी: पॅनेल नंबर, टप्पा, अडचण. पॅनेल नंबर सगळ्यात पुढे, कारण फोनवर लांब नाव शेवटी कापलं जातं. "मेसर्स अमुक इंडस्ट्रीज मोटर कंट्रोल सेंटर पॅनेल 4" यातला 4 दिसतच नाही; "4 - एमसीसी" दिसतं.

भिंतीवरच्या गँटचा आग्रह असेल तर ए3 वर छापा, आठवड्याच्या मापात, फक्त मुख्य टप्पे, आणि कोपऱ्यात छापल्याची तारीख. तारखेविना लावलेला गँट दोन आठवड्यांनी लोकांची दिशाभूल करतो.

पार्टीला दाखवायचा व्ह्यू

हा वेगळा विषय आहे आणि त्यात धोका आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये रकाना लपवला म्हणजे तो बंद झाला असं नसतं. ज्याला त्या प्रोजेक्टमध्ये प्रवेश आहे तो लपवलेला रकाना परत उघडू शकतो. फिल्टरचंही तेच. म्हणून खरेदीचे दर, सप्लायरची नावं आणि दुसऱ्या पार्टीच्या ऑर्डरी ज्या टेबलात आहेत तिथे पार्टीला पाहुणा म्हणूनही घेऊ नका. तिच्यासाठी वेगळा प्रोजेक्ट करा, त्यात पाच-सहा टप्पे आणि तारखा, बस्स. लिंक पाठवण्याआधी ब्राउझरच्या प्रायव्हेट खिडकीत, लॉगिन न करता, ती स्वतः उघडून पाहा.

दोन आठवड्यांनी

कोणत्या व्ह्यूकडे पाहून काय ठरलं, हे सोमवारच्या मीटिंगमध्ये विचारा. सॉफ्टवेअरच्या भेटींच्या आकड्यांवर जाऊ नका. माणूस सवयीने उघडतो आणि बंद करतो. ज्याचं उत्तर कोणाकडे नाही तो व्ह्यू आधी लपवा, लगेच पुसू नका. महिनाअखेर जाऊ द्या, कारण अकाउंट्सचा व्ह्यू महिन्यातून एकदाच लागतो आणि बाकीचे दिवस निरुपयोगी वाटतो. त्यानंतरही कोणी "तो कुठे गेला?" असं विचारलं नाही, तर पुसा. आणि कोणी अजूनही बाजूला स्वतःची एक्सेल चालवत असेल तर त्याला रागावू नका. ती फाइल मागून घ्या आणि तिच्यात कोणते रकाने आहेत ते बघा. तुमच्या यादीतून सुटलेला प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.